आईबाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि जैसलमेरच्या दोन रात्री

तुमचा प्रश्न नीट वाचला. डिसेंबरअखेर सात दिवसांची राजस्थान ट्रिप, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि नऊ वर्षांची मुलगी, त्यात जैसलमेरला दोन रात्री ठेवल्यात आणि विचारताय की एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का, वाळूच्या टेकड्यांसाठी सम बरं की खुरी, टेंटचं पॅकेज घ्यावं का आणि सीमेजवळचं तनोट-लोंगेवाला एका दिवसात होईल का. मी गेली चौदा वर्षं दर हिवाळ्यात आठ-दहा जणांचे छोटे ग्रुप घेऊन तिकडे जाते, त्यात निम्मे तरी साठीच्या पुढचे असतात, त्यामुळे तुमच्या घरची परिस्थिती मला चांगली कळतेय.

आधी एक सांगते. दोन रात्रीच्या प्लॅनमध्ये बहुतेकांचं काय होतं बघा. जोधपूरहून सकाळी निघायचं, २८० किलोमीटर, पाच-साडेपाच तास, मधे जेवण, म्हणजे दोन-तीनला जैसलमेर, तिथून न थांबता तसंच पुढे ४० किलोमीटर समला, उंटावर वीस मिनिटं, सूर्यास्ताचे फोटो, मग कॅम्पवर नाच-गाणी, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव, संध्याकाळी पाय दुखतात म्हणून हॉटेल आणि तिसऱ्या दिवशी परत. यात वाळवंटाच्या वाट्याला आले साधारण तीन तास, तेही वर्षातल्या सगळ्यात जास्त गर्दीच्या आठवड्यात. घरी येऊन मग माणसं म्हणतात, लांब होतं आणि तसं काही खास नव्हतं. तेव्हा जावं की नाही हा तुमचा खरा प्रश्न नाहीये, शहराबाहेरच्या मोकळ्या भागाला वेळ किती देताय हा आहे. माझं मत स्पष्ट आहे, तीन रात्री ठेवता येत असतील तरच जा, त्यासाठी हवं तर एक रात्र उदयपूर किंवा जोधपूरमधून काढून इकडे द्या. सात दिवसांत चार शहरं केली तर आईबाबांचे निम्मे दिवस गाडीतच जातील.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. एक म्हणजे त्या वर्षी पाऊस कसा झालाय, कारण जैसलमेरचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरच्याही आतबाहेर, आणि तो बरा झाला की डिसेंबरमधलं सगळं चित्र बदलतं, ते पुढे सांगते. दुसरं, बाबांचे गुडघे आणि आईंची पाठ. तिसरं, तुम्ही ट्रेनने येताय की गाडीने. मुंबईहून जोधपूरपर्यंत सूर्यनगरी एक्सप्रेसने येऊन पुढे गाडी केलेली ज्येष्ठांना सोयीची पडते असा माझा अनुभव. विमानं हिवाळ्यात जैसलमेरला उतरतात पण वेळापत्रक दरवर्षी बदलतं, ते बुकिंगच्या वेळीच बघा.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाळूच्या टेकड्याच येतात, मीही पहिल्यांदा गेले तेव्हा तेच शोधत होते. पण जैसलमेरच्या आसपास बराचसा भाग खडकाळ माळ आहे, तिथले लोक त्याला मगरा म्हणतात, आणि वाळूच्या टेकडीला धोरा. मगरा, धोरा, खुरट्या गवताचं कुरण, आणि मधेच राखलेलं ओरण, म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखं, तिथली झाडं कुणी तोडत नाही. हे चारही प्रकार एका दिवसात बघून होतात, फक्त गाडी मधेमधे थांबवली पाहिजे. ड्रायव्हर स्थानिक घ्या ही माझी कळकळीची विनंती आहे. जोधपूर-जयपूरचा ड्रायव्हर रस्ता बिनचूक चालवेल पण कुठे थांबायचं ते त्याला माहीत नसतं.

पहिल्या दिवशी जोधपूरहून आलात की काहीच करू नका. चेक-इन, चहा, आणि साडेचार-पाचला बडा बाग, गावापासून सहा किलोमीटर, राजघराण्याच्या छत्र्या आहेत, मागे पवनचक्क्या. संध्याकाळचं ऊन त्या पिवळ्या दगडावर तिरकं पडतं तेव्हा तिथे असायला हवं. डिसेंबरअखेर तिकडे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, हे दोन आकडे लक्षात ठेवून सगळं आखा, कारण दुपारी बारा ते तीन उजेड इतका सपाट असतो की दगड, वाळू, माणसं सगळं एकाच रंगाचं दिसतं. ते तास जेवण आणि आरामाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, आणि लवकर. ११५६ साली रावळ जैसलने त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण मुख्य म्हणजे आत आजही काही हजार माणसं राहतात. आठ वाजता गेलात तर दुकानं उघडलेली नसतात, बायका उंबरे धूत असतात, शाळेची पोरं उतारावरून खाली पळत असतात, आणि ते बघणं हाच किल्ला बघणं आहे. आतली जैन मंदिरं बाहेरच्या पाहुण्यांसाठी सकाळच्या वेळेतच धरा, चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवावं लागतं. चारही दरवाज्यांमधून वर जाणारा दगडी उतार शेकडो वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालाय, बाबांना रबरी तळव्याचे बूट घाला आणि वर जाताना नाही पण खाली येताना हात धरा.

किल्ल्यातल्या हॉटेलात राहावं का असं पुष्कळजण विचारतात. मी ग्रुपला तिथे ठेवत नाही. हा किल्ला बांधला तेव्हा पाणी खालून घागरीने वर यायचं, त्याची टेकडी आणि पाया तेवढ्याच ओलाव्याच्या हिशोबाने उभा आहे. नळ आणि फ्लश आले, हॉटेलं वाढली, ते पाणी खाली मुरत राहिलं आणि त्याने पाया खचून बुरूज ढासळलेत. माझ्या दहा माणसांच्या आंघोळीचं पाणी त्यात नको असं मला मनापासून वाटतं. शिवाय आईबाबांना सामान घेऊन तो चढ जमणार नाही. खाली, किल्ला समोर दिसेल अशी गच्ची असलेलं हॉटेल घ्या, दृश्य उलट तिथूनच चांगलं दिसतं.

पटव्यांची हवेली आणि गडीसर त्याच सकाळी होतात, त्यावर माहिती सगळीकडे आहे, मी लिहीत बसत नाही. फक्त गडीसरला गेलात की मुलीला एवढं सांगा की हा तलाव चौदाव्या शतकातला आहे आणि शतकानुशतकं आख्खं गाव याच पावसाच्या पाण्यावर जगलं. कारण तुमचा पुढचा सगळा दिवस याच गोष्टीवर आहे.

तिसरा दिवस. हा मी कुणालाही गाळू देत नाही. सकाळी सातला निघून आधी लोद्रवा, पंधरा-सोळा किलोमीटर, जैसलमेरच्या आधीची राजधानी, आता तिथे पार्श्वनाथाचं सुंदर जैन मंदिर उरलंय. तिथून कुलधरा, हे ओसाड पडलेलं गाव. कुलधऱ्याची भुताची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, दिवाण सालिमसिंगाच्या जाचाने पालीवाल ब्राह्मणांची ८४ गावं एका रात्रीत उठून गेली वगैरे. गाइड तीच रंगवून सांगतो. अभ्यासक पाणी आटत जाणं आणि वाढता सारा ही कारणंही सांगतात, आणि मला ती जास्त पटतात, कारण पाणी गेलं की इथे दुसरं काही उरतच नाही. पण तुम्ही भूत सोडा आणि घरं बघा. सरळ आखलेल्या गल्ल्या, अंगणं, बैलगाडी ठेवायच्या जागा. हे लोक श्रीमंत होते, आणि वाळवंटात शेतीवर श्रीमंत झालेले होते. ते कसं, ते कुलधऱ्यात दिसत नाही, त्यासाठी पुढे खाभा गावाच्या बाजूला जायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं, खडीन दाखव.

खडीन म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते जैसलमेरला बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. खडकाळ मगऱ्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो. पालीवालांनी काय केलं, जिथे तो वाहत येऊन सखल जागी पोचतो तिथे लांबलचक मातीचा बांध घातला. पावसाळ्यात बांधाच्या आत तळं साचतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आणि थंडीच्या तोंडाला पाणी उतरलं की त्या ओल्या मातीत गहू आणि हरभरा पेरायचा. वरून एक थेंब द्यायचा नाही, पीक निव्वळ ओलीवर येतं. वर्षानुवर्षं पाण्याबरोबर वाहून आलेला गाळ साचल्यामुळे जमीनही कसदार झालेली. शेकडो वर्षांपूर्वीचे बांध आहेत आणि त्यातले कितीतरी अजून पेरले जातात. पाऊस झाला असेल तर डिसेंबरअखेर तुम्ही बांधावर उभे राहाल तेव्हा डाव्या हाताला उघडा, भुरा खडक आणि उजव्या हाताला वीतभर वाढलेला हिरवागार गहू. एका वर्षी माझ्या ग्रुपमध्ये एक निवृत्त शेतकरी काका होते, ते बांधावरून खाली उतरले, उकिडवे बसले, बोटांनी माती उकरून वितीवर ओल लागते का बघितलं, आणि मग बराच वेळ मूठ तशीच धरून बसले. तुमचे बाबा गावाकडचे असतील तर त्यांना इथे हवा तेवढा वेळ द्या. पाऊस झाला नसेल तर मात्र नुसती भेगाळलेली जमीन दिसेल, ते आधीच सांगून ठेवते.

दुपारी परत येऊन जेवा, झोपा, आणि साडेतीनला धोऱ्यांकडे निघा. आता सम की खुरी. सम मोठं, वाळूच्या टेकड्या उंच, सोयी जास्त, आणि नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात अक्षरशः जत्रा. जीपच्या चकरा, स्पीकर, प्लास्टिक. खुरी नैऋत्येला, साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त अंतर, टेकड्या लहान पण गाव जिवंत, मातीची लिंपलेली घरं, आवाज कमी. तुमच्या तारखांना मी डोळे झाकून खुरी सांगेन. समलाच जायचं झालं तर मुख्य पॉइंटच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे गाडी थांबवून चालत आत जा.

टेंटमध्ये रात्र काढायची का? सत्तरीच्या माणसांना माझं उत्तर नाही. जानेवारीच्या आसपास तिथे रात्री पारा पाच अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली जातो, कापडातून वारा येतो, बाथरूमची फरशी बर्फासारखी. काही वर्षांपूर्वी एका कॅम्पने मला गरम पाणी आणि जादा रजया दोन्ही देतो म्हणून सांगितलं होतं, ऐनवेळी दोन्ही नव्हतं, ग्रुपमधल्या एका आजींना रात्रभर थंडी वाजत राहिली आणि पहाटे चारला मी त्यांना गाडीत हीटर लावून बसवलं. तेव्हापासून ज्येष्ठ असले की रात्री शहरातल्या पक्क्या खोलीत, हा माझा नियम. तुम्ही दोघं आणि मुलगी वाटल्यास एक रात्र खुरीला गावातल्या घरगुती मुक्कामात राहा, आईबाबा जेवून परत हॉटेलवर.

उंटाचं पण सांगते. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो, मग पुढचे पाय उचलतो तेव्हा मागे. उठताना मागे रेलायचं आणि खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरायची. बसतानाही आधी गुडघे पुढचे टेकतात, तेव्हाही मागेच रेलायचं. मुलीला हे चढायच्या आधी सांगा आणि तिच्यासोबत मोठं माणूस बसवा. मणक्याचा किंवा हाडं ठिसूळ असण्याचा त्रास असेल तर आईंना उंटावर अजिबात बसवू नका, उंटगाडी मिळते, गादी घातलेली, तिच्यात दोघं आरामात टेकडीपर्यंत जातील. जीपने वाळूत उड्या मारण्याचं पॅकेज मी कुणालाच सांगत नाही, पाठीचं नुकसान होतं आणि तिथल्या गवताचं, बिळांचंही.

वाळू खरी बघायची तर सकाळची. रात्रीत वाऱ्याने कालचे पाय पुसलेले असतात आणि त्यावर नव्या खुणा, किड्याची दोन बाजूंनी टाके घातल्यासारखी रांग, उंदराच्या उड्या, एखाद्या लोमडीची सरळ ओळ. मुलीला वही-पेन्सिल द्या, ती तासभर तुमच्याकडे बघणार नाही. टेकडीवर चढताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने चढा, तिथे उतार सौम्य आणि वाळू घट्ट असते. पलीकडची बाजू तीव्र उताराची, पाय घोट्यापर्यंत आत जातो, ती फक्त घसरत उतरायला.

गाण्याबद्दल. कॅम्पवर जे वाजवतात ते मांगणियार कलाकार असतात, आणि बऱ्याचदा त्यांना पाहुण्यांच्या फर्माइशी वाजवाव्या लागतात. हे मुसलमान गायक पिढ्यानपिढ्या आपल्या हिंदू राजपूत यजमानांच्या घरी जन्म-लग्नाची गाणी गातात. इथल्याच हमीरा गावच्या साकर खान यांना कमायचा या वाद्यासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. कमायचा म्हणजे गोल पोटाचं, कातडं ताणलेलं, गजाने वाजवायचं वाद्य, आवाज खर्जातला, घोगरा, छातीत घुमणारा. तुम्ही नुसतं म्हणा, स्पीकर बंद करा आणि यजमानाघरी गाता ते गा. मी कितीदा बघितलंय, त्यांचा बसायचा पवित्राच बदलतो. पैसे हातात द्या, कॅम्पच्या बिलात ते त्यांच्यापर्यंत पोचतीलच असं नाही.

आता तनोट-लोंगेवाला. एका दिवसात होतं, पण तो दिवस आख्खा जातो, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर. रस्ता चांगला आहे. तनोट मातेच्या देवळात १९६५ च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे ठेवलेत, देखभाल सीमा सुरक्षा दलाची. लोंगेवाल्याला १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाब या पलटणीतल्या कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर थोपवलं आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं आली. त्या जागी उभं राहून लपायला किती कमी आडोसा आहे ते बघितलं की अंगावर काटा येतो. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते, ती आधी काढा, नसेल तर गेटवर वाद घालू नका. वाटेतल्या रामगढला टाकी भरा, नंतर भरवशाचा पंप धरू नका, मोबाइलही येतो-जातो. माझी गाडी तिथे एकदा पंक्चर झाली, स्टेपनी बदलायला पाऊण तास, आणि गाडीत नऊ माणसांत दोन लिटर पाणी. तेव्हापासून माणशी तीन लिटर, प्यायलं नाही तर परत आणते.

तुमच्या तीन रात्रीत मी तनोट घेतलं नसतं. बाबांना युद्धाच्या जागेची ओढ असेल, तर चौथी रात्र वाढवा, पण खडीनचा दिवस काढून तनोट घालू नका. गेलातच तर रामगढच्या आसपास ड्रायव्हरला बेरी दाखवायला सांगा. बेरी म्हणजे हातभर तोंडाची अरुंद विहीर. खाली भूजल खारट, पण काही ठिकाणी वाळूच्या खाली जिप्समचा, तिथले लोक खडिया म्हणतात त्याचा, थर असतो. पावसाचं मुरलेलं पाणी त्या थरावर अडतं, खाली खाऱ्यात मिसळत नाही, वाळूच्या कणांना धरून राहतं. बेरी खोदली की ती ओल आत पाझरते, थेंब थेंब, दिवसभरात दोन-तीन घडे. या पाण्याला रेजाणी पाणी असं वेगळं नावच आहे. मी एका बाईंच्या परवानगीने दोर ओढला होता, डोलची, म्हणजे छोटी बादली, इतकी हलकी वर आली की रिकामीच आहे असं वाटलं, आत जेमतेम तांब्याभर पाणी, थंड आणि गोड. त्यांनी ते घड्यात ओतलं आणि दोरावर उरलेलं पाणीसुद्धा पिळून घेतलं. मालकाला विचारल्याशिवाय बेरीचं झाकण उघडू नका, तिथे पाण्याला मालकी आणि पाळ्या दोन्ही असतात.

मुलीला प्राण्यांची आवड आहे असं लिहिलंय म्हणून, डेझर्ट नॅशनल पार्कचा सुदासरी भाग बघता येतो, जैसलमेरला वनविभागाकडे चौकशी आणि परवानगी करून. तिथे माळढोक आहे, त्यांच्याकडे गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. आपल्या नान्नजला ज्याच्या नावाने अभयारण्य आहे तोच. आता जगात दीडशेच्या आत उरलेत आणि विजेच्या तारा हा त्यांचा मोठा काळ आहे, कारण त्याला सरळ समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगाने ऐनवेळी वळता येत नाही. दिसेलच असं वचन मी देत नाही, मला स्वतःला दर तीन-चार खेपांत एकदा दिसतो. पण चिंकारा, गिधाडं, वाळवंटी कोल्हा बहुतेक दिसतात. आणि परतीला जोधपूरकडे जाताना फलोदीजवळ खीचनला वाकडी वाट करा, हिवाळ्यात तिथे हजारो कुरजा, आपण करकोचे म्हणतो ते, सकाळी दाणे खायला उतरतात, गावकरी स्वतः दाणे घालतात. आईबाबांना चालायला लागत नाही आणि मुलीला माळढोक दिसला नाही याचं दुःख राहत नाही.

थोडक्यात क्रम असा धरा: पहिल्या संध्याकाळी बडा बाग, दुसऱ्या दिवशी किल्ला-हवेली-गडीसर आणि दुपारी विश्रांती, तिसऱ्या दिवशी लोद्रवा-कुलधरा-खाभा-खडीन आणि संध्याकाळी खुरी, चौथ्या दिवशी पहाटे निघून खीचन करत जोधपूर. सुदासरी हवं असेल तर दुसऱ्या दिवशीची दुपार त्याला द्या, हवेली गाळा.

सामानात कानटोपी, पायमोजे आणि रबरी गरम पाण्याची पिशवी आईबाबांसाठी वेगळी, आणि ती हातातल्या बॅगेत, डिकीत नको. दुपारी पंचवीस अंश असतं म्हणून सगळे स्वेटर खाली टाकतात आणि सहाला सूर्य गेला की अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. बाबांच्या औषधांची यादी आणि गुडघ्यांचं नेमकं काय आहे ते कळवलंत तर किल्ल्यात कुठपर्यंत रिक्षा जाते आणि कुठून चालावं लागेल ते नकाशावर खूण करून पाठवते.